डार्टमूरला सहली नेणाऱ्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधील मराठी मंडळांच्या सहल समित्या आणि पदभ्रमण गट

विषय: डेव्हन परगण्यातील डार्टमूर फॉरेस्ट पॅरिश, तिथली जमीन आणि तिथे नेल्या जाणाऱ्या सहली

स.न.वि.वि.

उन्हाळा जवळ आला की मंडळांच्या गटांवर डार्टमूरचे बेत शिजू लागतात. बेत बहुतेक ठरलेला असतो: पन्नास जणांची बस, हेटॉरच्या खडकावर फोटो, आइसक्रीम, परत. त्यात वाईट काही नाही. पण हेटॉर मूरच्या, म्हणजे डार्टमूरच्या या उघड्या पठाराच्या, पूर्व काठावर आहे, आणि तुमच्यातले काही गट आता त्याच्या बरेच आत, प्रिन्सटाउन, पोस्टब्रिज, विस्टमन्स वुडच्या बाजूला येऊ लागले आहेत. त्यांचं स्वागतच आहे. मात्र येताना सह्याद्रीचे ठोकताळे सोबत येतात आणि इथे ते उलटे पडतात. सह्याद्रीत धोका कड्याचा, आणि कडा दिसतो तरी. तिथे सपाटी लागली की माणूस हुश्श करतो. इथे सपाटी लागली की सावध व्हायचं असतं.

दुसरी गफलत 'ओसाड' या समजुतीची. मैलोन्‌मैल घर दिसत नाही म्हणून ही जागा कुणाचीच नाही, असं धरून चुली मांडल्या जातात, तंबू ठोकले जातात, दगड उचलून रचले जातात. प्रत्यक्षात या रानाच्या हातभर जागेवरही कुणाचा तरी आठशे वर्षं जुना हक्क असतो. तो कुणाचा, हे कळलं की कुठे पाऊल टाकावं हेही बरंचसं कळतं. म्हणून आधी थोडा इतिहास.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण पॅरिशना निवडून आलेल्या परिषदा मिळाल्या. आपल्या ग्रामपंचायतीसारख्या, पण अधिकारांनी बऱ्याच तोकड्या. डार्टमूर फॉरेस्ट ही स्वतंत्र पॅरिश १९८७ पासूनची. त्याआधी हा सगळा मुलूख मूरच्या पश्चिम कडेला असलेल्या लिडफर्ड गावच्या पॅरिशमध्ये मोडत असे, आणि ती इंग्लंडमधली सर्वांत मोठी पॅरिश होती: पन्नास हजार एकरांहून जास्त, म्हणजे दोनशे चौरस किलोमीटरच्या घरात. लिडफर्ड आज लहानसं खेडं आहे. सॅक्सन काळात ते तटबंदीचं नगर होतं, तिथे नाणी पाडली जात, आणि ९९७ मध्ये व्हायकिंगांनी त्याच्यावर चाल केली होती.

मधला हा मुलूख राजाच्या शिकारीचं राखीव रान होता. नावातल्या 'फॉरेस्ट'चा अर्थ तेवढाच, झाडी शोधू नका. १२०४ मध्ये जॉन राजाने डेव्हनमधली बाकीची राखीव रानं मोकळी केली, डार्टमूर आणि एक्समूर तेवढी ठेवली. १२३९ मध्ये तिसऱ्या हेन्रीने डार्टमूर आपला भाऊ रिचर्ड, अर्ल ऑफ कॉर्नवॉल, याला दिलं. पुढच्याच वर्षी सरदारांनी सीमा फिरून पाहिली आणि खुणा नोंदवल्या. १३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने आपल्या मुलासाठी डची ऑफ कॉर्नवॉल ही जहागीर स्थापली, तेव्हा हे रान तिच्याकडे गेलं आणि आजही तिच्याचकडे आहे. मालक डची, पण भोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्यांना गुरं, मेंढ्या आणि घोडी चारण्याचा हक्क. जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साचलेला न कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापण्याचा हक्कही त्यांच्यात जुना. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने या हक्कदारांची परिषद नेमली आणि त्याच कायद्याने तुम्हाआम्हाला या चराऊ रानात पायी व घोड्यावरून फिरण्याचा हक्क मिळाला. म्हणजे आपण इथे चालतो ते कायद्याने दिलेल्या परवानगीवर, आणि तीही गुरांच्या सोबतीने.

वस्ती किती विरळ, याचा अंदाज एका जुन्या अर्जावरून येतो. ईस्ट डार्टच्या खोऱ्यात बॅबनी आणि पिझवेल या वाड्या आहेत. तिथल्या लोकांना लग्न, बारसं, दफन, सगळ्यासाठी लिडफर्डचं चर्च गाठावं लागे. अंतर चांगल्या हवेत आठ मैल. पाऊस लागून नद्या चढल्या की वळसा घालून पंधरा. शेवटी १२६० मध्ये एक्सिटरच्या बिशपने, ब्रॉन्सकूमने, त्यांना जवळच्या वाइडकूमच्या चर्चला जायची मुभा दिली. ज्या वाटेने प्रेतं लिडफर्डला नेत, ती लिच वे अजून नकाशावर आहे. आठाचे पंधरा मैल होतात ते नदी पायी ओलांडायच्या जागा पाण्याखाली जातात म्हणून, आणि हे गणित तेव्हापासून आजवर बदललेलं नाही. ग्रॅनाइटवर पाणी मुरत नाही. वर पाऊस झाला की दोन-तीन तासांत ओढा गुडघ्यावरून मांडीपर्यंत येतो. सकाळी ज्या दगडांवरून उड्या मारत गेलात, ते संध्याकाळी पाण्याखाली असतात. तेव्हा परतीच्या वाटेत नदी असेल तर पुलाचा पर्याय आधी नकाशावर हेरून ठेवा, मग तो पाच किलोमीटर लांब का असेना.

या वाड्यांना 'एन्शंट टेनेमेंट' म्हणतात. सतरा ठिकाणी मिळून पस्तीस खातेदार असत, आणि नवा वारस आला की त्याने रानातले आठ एकर बांध घालून आपल्या शेताला जोडावेत असा रिवाज होता. या वाढीव तुकड्यांना 'न्यूटेक' म्हणतात. दगडी बांधाच्या आतलं हे कुरण मोकळ्या रानात धरू नका. तिथे नोंदलेल्या पायवाटेनेच जायचं. फाटक जसं मिळालं तसंच सोडायचं: उघडं तर उघडं, बंद तर बंद. उघडं फाटक 'कुणीतरी विसरलंय' म्हणून लावून घेतलं की पलीकडच्या मेंढ्यांचं पाणी तुटतं.

पोस्टब्रिजचा पूल सगळ्यांच्या फोटोंत असतो. तीन-चार मीटर लांबीच्या ग्रॅनाइटच्या फरश्या दगडी खांबांवर नुसत्या ठेवलेल्या, चुना नाही, कमान नाही. काही फरशांचं वजन आठ टनांपर्यंत आहे. तो मध्ययुगीन आहे, लादलेल्या घोड्यांसाठी बांधलेला. शेजारचा कमानीचा पूल १७८० च्या सुमारचा, गाड्यांसाठी.

लादलेल्या घोड्यांवर काय असे? बरंचसं कथील. डार्टमूरचं कथील बाराव्या शतकापासून गाजलेलं. कथील तोलून, छाप मारून घ्यायची गावं ठरलेली होती: टॅविस्टॉक, अॅशबर्टन, चॅगफर्ड आणि नंतर प्लिम्प्टन. या चार विभागांतून प्रत्येकी चोवीस प्रतिनिधी टू ब्रिजेसजवळच्या क्रॉकर्न टॉरवर (टॉर म्हणजे माथ्यावरचा ग्रॅनाइटचा खडक) उघड्यावर सभेला जमत. १४९४ ची सभा नोंदलेली आहे. त्यांचं स्वतःचं कायद्याचं राज्य होतं आणि त्यांचा तुरुंग लिडफर्डच्या किल्ल्यात. तुमच्या कामाची गोष्ट ही, की कथील काढणाऱ्यांनी जवळपास प्रत्येक ओढ्याचं पात्र उलथून टाकलं आहे. ओढ्याकाठी गवताने झाकलेले दगडांचे समांतर ढीग दिसले की समजायचं, इथली जमीन नैसर्गिक नाही. मध्ये खड्डे असणार आणि त्यांत पाणी साचलेलं असणार. चढावर खणलेल्या खोल चरांना इथे 'गर्ट' म्हणतात. धुक्यात अशा चराच्या कडेवर माणूस अचानक येतो. पॅरिशच्या सीमेलगत, वॉरन हाउस इनच्या खालच्या बाजूला व्हिटिफर आणि बर्च टॉरच्या खाणी होत्या. तिथे कुंपण दिसलं की त्याच्या आत एक पाऊलही नको.

आता दलदल. गटांची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

प्रिन्सटाउनला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि कातळ तापून कोरडा होतो. इथला बाराही महिने थोडाथोडा पडतो, ऊन बेताचं, खाली ग्रॅनाइट. पाण्याखाली हवा पोचत नाही, माती आम्लधर्मी, त्यामुळे मेलेलं गवत-शेवाळ कुजत नाही. थरावर थर साचत जातो. हेच पीट. मूरच्या उत्तर भागातल्या पठारांवर त्याची मोठी चादर आहे, आणि ती भिजलेल्या स्पंजासारखी पाणी धरून बसते. उतारावर पाणी निघून जातं, माथ्यावरच्या सपाटीत ते थांबतं. म्हणून माथा खालच्या उतारापेक्षा ओला असतो. टॉ, ईस्ट डार्ट, वेस्ट ओकमेंट आणि टॅव्ही या नद्या क्रॅनमिअर पूलच्या आसपासच्या अशाच ओल्या माथ्यावरून निघतात आणि वेगवेगळ्या दिशांना जातात. तेव्हा 'हरवलात तर पाण्यामागे जा' हा सल्ला इथे धोक्याचा: चुकीचा ओढा धरलात तर मूरच्या भलत्याच बाजूला उतराल, आणि वाटेत ओढ्याकाठची दलदल लागेलच.

जमीन वाचायची ती वनस्पतींवरून. ब्रॅकन नावाचं उंच नेचं जिथे माजलं असेल, तिथे माती खोल आणि निचऱ्याची. पाय रुतणार नाही, पण गोचीड चिकटेल. हेदर किंवा पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स असेल तर बहुधा कोरडं. लव्हाळ्याचे गडद हिरवे झुबके दिसले की बूट भिजणार, पण झुबक्याच्या मुळावर पाय ठेवत जाता येतं. पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत खाली खोल पीट असल्याची खूण. आणि चकचकीत पोपटी शेवाळाची गुळगुळीत गादी, जिच्यावर एकही गवताचं पातं नाही, तिच्यावर कधीच नाही. तिला इथले लोक 'फेदर बेड' म्हणतात. खाली पाणी असतं आणि वरचा थर पायाखाली हेलकावतो. प्रिन्सटाउनच्या दक्षिणेची फॉक्स टॉर मायर्स ही दरीतली दलदल या बाबतीत बदनाम आहे. शेरलॉक होम्सच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या रहस्यकथेतल्या कुत्र्याच्या ओढीने अनेक जण तिच्या कडेला जातात; कडेवर उभं राहून पाहावं आणि मागे फिरावं.

कुणी कमरेपर्यंत गेलाच, तर उभ्या-उभ्या पाय उपसायचा नाही; एक पाय काढताना सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो आणखी खाली जातो. पाठपिशवी सोडून पुढे आडवी टाकायची, काठ्या तिच्या बाजूला आडव्या, मग छाती त्यावर टेकून पाय मागे सैल करत सापासारखं सरकत ज्या बाजूने आलो त्याच बाजूला यायचं. बाकीच्यांनी जवळ धावत जायचं नाही. लांबून काठी किंवा दोर द्यायचा.

दलदल नसली तरी मोलिनिया गवताचे ठोंब आहेतच. फूटभर उंचीचे ठोंब, मध्ये पाण्याच्या फटी, प्रत्येक पावलाला घोटा वेगळ्या बाजूला. रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारा गट इथे दोनाच्या वर जात नाही. नकाशावर बारा किलोमीटर दिसले म्हणून चार तास धरलेत तर डिसेंबरात अंधार गाठणार, कारण तेव्हा सव्वाचारलाच सूर्य मावळतो. पुसट पायवाटांवरही विसंबू नका. त्या मेंढ्यांच्या असतात, आणि मेंढीला तुमच्या गाडीतळाशी काही देणंघेणं नसतं. पीटमधून पार जाण्यासाठी फ्रँक फिलपॉट्स या गृहस्थाने शंभरेक वर्षांपूर्वी काही वाटा तळाच्या कठीण जमिनीपर्यंत कापून घेतल्या. त्यांच्या टोकांना त्याच्या नावाच्या पाट्या आहेत. माहीत असतील तर त्या अर्धा तास वाचवतात.

उत्तर आणि पश्चिम भागात लष्कराच्या गोळीबाराच्या तीन हद्दी आहेत: ओकहॅम्पटन, विल्सवर्दी, मेरिव्हेल. गोळ्या खऱ्या असतात. वेळापत्रक सरकारी संकेतस्थळावर आधी लागतं. आदल्या संध्याकाळी ते पाहणं हे मोहीमप्रमुखाचं काम. हद्दीवर लाल-पांढरे खांब, गोळीबार असेल तर माथ्यांवर दिवसा लाल झेंडे, रात्री लाल दिवे. धुक्यात झेंडा दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. लिच वेचा मधला टप्पा मेरिव्हेलच्या हद्दीतून जातो, हे लक्षात ठेवून तिचा बेत करा. जमिनीवर धातूचं काही सापडलं तर हात लावायचा नाही, मुलांना तर आधीच बजावायचं.

तंबूचा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रानात रात्री तंबू ठोकण्याचा हक्क नाही म्हटलं, जुलैत अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या कायद्यातल्या मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यात मुक्कामही येतो असं कायम केलं. पण हा हक्क पाठीवर लहान तंबू घेऊन येणाऱ्या एकट्यादुकट्यासाठी आहे, वीस जणांच्या कौटुंबिक तंबूंसाठी नाही. नॅशनल पार्क प्राधिकरणाच्या नकाशावर परवानगी असलेल्या भागातच, रस्त्यापासून शंभर मीटर दूर, एका जागी सलग दोन रात्रींहून जास्त नाही. आणि चूल अजिबात नाही. तीन दगड मांडून केलेली चूल आपल्याला निरुपद्रवी वाटते. इथे तिच्याखालची जमीन स्वतःच जळण आहे. पीट धुमसायला लागलं की आग खालून सरकते आणि वरून विझलेली वाटूनही काही दिवसांनी दुसरीकडे निघते. शिवाय ते तीन दगड बहुधा साडेतीन हजार वर्षं जुन्या घराच्या भिंतीतले असतात. कांस्ययुगातल्या गोल घरांचे हजारो पाये आणि 'रीव्ह' नावाचे शेतांचे बांध मूरभर पसरलेत. २०११ मध्ये व्हाइटहॉर्स हिलवरच्या पीटमधून त्या काळची दगडी पेटी निघाली, आत अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली रक्षा, विणलेली टोपली आणि दोनशेहून जास्त मणी, त्यात अंबरचे. हे सगळं टिकलं ते पीटमुळेच. संरक्षित पायांतले दगड हलवणं हा गुन्हा आहे, वारा अडवण्यासाठी हलवलेत तरी.

नेण्याजोग्या वाटा सांगतो. आजी-आजोबा आणि मुलं असतील तर प्रिन्सटाउनहून जुन्या रेल्वेची वाट धरा. टॉमस टिरविट या डचीच्या माणसाने इथे अळशी आणि धान्य पिकवण्याचे मनसुबे रचले. हवेने ते हाणून पाडले. मग त्याने तुरुंग आणवला. १८०६ मध्ये पाया, १८०९ मध्ये फ्रेंच युद्धकैदी, १८१३ पासून अमेरिकन. गावचं चर्चही त्यांच्याच श्रमाचं. १८५० पासून तो गुन्हेगारांचा तुरुंग झाला आणि २०२४ मध्ये रेडॉन वायूमुळे रिकामा करावा लागला. हा वायू ग्रॅनाइटमधल्या युरेनियमपासून निघतो आणि बंद खोल्यांत साठतो. चालणाऱ्यांना त्याचं भय नाही. टिरविटची घोड्यांची रेल्वे १८२३ ची, तिच्या मार्गावर १८८३ मध्ये वाफेची आली, १९५६ मध्ये बंद पडली. घोड्यांना चढ झेपावा म्हणून ती वळणं घेत जाते, त्यामुळे वाट सपाट आणि टणक. फॉगिनटॉरची खाण पाहून परतलात तर सगळे मिळून सहाएक किलोमीटर. पुढे, शेजारच्या पॅरिशमधल्या स्वेलटॉर खाणीच्या फाट्यावर, लंडन ब्रिजच्या १९०३ च्या रुंदीकरणासाठी घडवलेले पण कधीच न गेलेले कोरीव दगडी टेकू गवतात एका ओळीत पडलेत.

दुसरी वाट प्रिन्सटाउनहून दक्षिणेला, साउथ हेसरी टॉरवरून नन्स क्रॉसपर्यंत. जायला चार किलोमीटर, यायला चार, रुंद खडीची वाट. कडेला 'पीसीडब्ल्यूडब्ल्यू १९१७' कोरलेले दगड दिसतील. प्लिमथच्या पाणीपुरवठ्याच्या क्षेत्राची ती हद्द. नन्स क्रॉस माणसाहून उंच आहे, मधून मोडलेला, लोखंडी पट्ट्यांनी जोडलेला. १२४० च्या सीमापाहणीत त्याचा उल्लेख आहे आणि आजही सीमा तिथूनच जाते. जवळच डेव्हनपोर्टचा पाट बोगद्यात शिरतो. अठराव्या शतकाच्या शेवटी गोदीला पाणी नेण्यासाठी हा पाट खणला.

विस्टमन्स वुडला टू ब्रिजेसहून दोन किलोमीटर. खुरट्या, वाकड्या ओकांचं हे जंगल शेवाळाने मढलेलं आहे आणि गर्दीच्या पायांनी ते शेवाळ सोलून निघालं. म्हणून आता आत न शिरता बाहेरून पाहायला सांगतात. गाडीतळ लहान आहे. भरला असेल तर रस्त्याच्या कडेला गवतावर गाडी न लावता दुसरी वाट धरा.

एका प्रमुखामागे दहा-बारा जणांहून जास्त नकोत. गट मोठा असेल तर आधी नॅशनल पार्क प्राधिकरणाशी बोलून घ्या आणि तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी सोडा. प्रत्येक तुकडीकडे ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी 'ओएल २८' नकाशा आणि होकायंत्र, आणि ते वापरता येणारी निदान दोन माणसं. फोनची रेंज खोऱ्यांत जाते. मार्च ते जुलै कुत्रा दोरीवर, कारण चंडोलासारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. त्याच दिवसांत कोकरं असतात, तेव्हा टॉरवर चढून शिवगर्जना दिली नाही तरी महाराज रागावणार नाहीत. घोडी रानटी दिसली तरी प्रत्येकीला मालक आहे. दशमीचा तुकडा दिलात की ती रस्त्याकडेला यायला शिकते आणि गाडीखाली जाते.

सहलीच्या पत्रकात परत फिरण्याची वेळ छापा, पोचण्याची नव्हे. कुणाला लागलं तर ९९९ फिरवून आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू. जागा सांगताना नकाशावरच्या चौकटींच्या जाळीतली 'एसएक्स' अक्षरं आणि पुढचे सहा आकडे. फोन लागत नसेल तर कधीकधी संदेश (एसएमएस) जातो, पण त्यासाठी 'रजिस्टर' असा संदेश ९९९ ला घरूनच पाठवून नोंदणी करावी लागते. तेवढं बस सुटण्यापूर्वी सगळ्यांकडून करून घ्या.

कळावे,
डार्टमूरच्या वाटांशी परिचित काही मराठी पदयात्री